'चीकी' हा शब्द कोणाला, केव्हा आणि कसा म्हणावा

'चीकी' हा इंग्रजी शब्द मुंबईतल्या मराठी माणसाच्या कानावर आता वरचेवर पडतो. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकताना तो येतो. लंडन किंवा सिडनीच्या ग्राहकांशी दिवसभर फोनवर बोलणाऱ्या मालाड, पवई, ऐरोलीच्या कार्यालयांत तो येतो. आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कॅलेंडरमध्ये बाईंनी लिहिलेल्या शेऱ्यातही तो येतो. अर्थ पाहण्यासाठी शब्दकोश उघडावा, तर समोर 'उद्धट', 'उर्मट', 'निर्लज्ज' असे शब्द दिसतात. हे अर्थ चुकीचे नाहीत, परंतु तेवढेच धरून चालणारा माणूस दोन्ही बाजूंनी फसतो. परदेशी सहकाऱ्याने कौतुकाने म्हटलेले 'यू आर सो चीकी' त्याच्या मनाला लागते, आणि तोच शब्द स्वतः वापरायची वेळ आली की समोरच्याला तो कितपत लागेल याचा त्याला अंदाज येत नाही. म्हणून हा शब्द कसा समजून घ्यावा आणि आपल्या बोलण्यालिहिण्यात कसा आणावा, हे येथे सविस्तर मांडले आहे.

अर्थ कसा ओळखावा

गिरगावातल्या एखाद्या घरात आजोबा सातवीतल्या नातवाला अभ्यासावरून बोलत आहेत, अशी कल्पना करावी. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवल्याशिवाय आम्हांला जेवायला वाढत नसत." नातू क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "तरीच आजोबा, लग्नाच्या फोटोत तुम्ही इतके बारीक दिसता." हे उत्तर चीकी आहे, आणि ते चीकी का आहे हे नीट पाहिले म्हणजे शब्दाचा गाभा हाती येतो. नातवाने मर्यादा ओलांडली आहे, कारण वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर, आणि तेही त्यांच्या तोंडावर, त्याने शंका घेतली. ती शंका त्याने चतुराईने घेतली, कारण 'तुम्ही खोटे बोलता' असे न म्हणता त्याने आजोबांचाच दावा खरा मानून पुढे नेला. शिवाय आजोबा रागावणार नाहीत, निदान मनापासून तरी रागावणार नाहीत, याची त्याला खात्री होती. मर्यादेचा छोटासा भंग, त्यातली हुशारी आणि नात्यातला भरवसा अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे इंग्रज माणूस 'चीकी' म्हणतो.

या तिन्हींपैकी एक जरी काढून घेतली तरी शब्द बदलावा लागतो. मर्यादेचा भंग नसेल तर उरतो तो निव्वळ विनोद. तो मिस्कील असेल, मार्मिक असेल, पण चीकी नसेल. हुशारी नसेल, म्हणजे नातू नुसता "काहीही सांगू नका" असे म्हणाला असता, तर तो उद्धटपणा झाला असता. भरवसा नसेल, म्हणजे हेच वाक्य घरी प्रथमच आलेल्या विमा एजंटाने उच्चारले असते, तर आजोबांनी त्याला चहा न देताच दार दाखवले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

यातून वापराचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. 'चीकी' हा शब्द उच्चारणारा माणूस एक निवाडा देत असतो: मर्यादा ओलांडली गेली हे त्याने पाहिले आहे आणि बहुतेक वेळा ती चूक त्याने पोटात घातली आहे. म्हणून हा शब्द ज्याच्याविषयी वापरला जातो त्याच्या वागण्याइतकाच तो वापरणाऱ्याच्या मनाविषयीही सांगतो. तेच वाक्य, तोच स्वर, तोच मुलगा. एका काकांना तो चीकी वाटेल आणि दुसऱ्या काकांना तो वाया गेलेला वाटेल. इंग्रजी वाक्यात हा शब्द दिसला की प्रथम 'हे कोण म्हणत आहे आणि त्याने माफ केले आहे का' एवढे विचारावे. पुष्कळदा अर्थ तिथेच उलगडतो.

गालाचा संबंध

'चीक' म्हणजे गाल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बोलभाषेत हा शब्द 'तोंड वर करून बोलण्याची हिंमत' या अर्थाने रुळला आणि त्याच शतकाच्या मध्यास त्यापासून 'चीकी' हे विशेषण छापील लेखनात दिसू लागले. मराठी माणसाला हा संबंध समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण आपल्याकडेही आगळीक तोंडातूनच होते: माणूस 'तोंड करतो', 'तोंड वर करून बोलतो', तो 'तोंडाळ' असतो आणि त्याची जीभ 'फार लांब' असते. इंग्रजीत गालाबरोबर ओठही या कामाला लावले आहेत. 'नन ऑफ युअर लिप' म्हणजे उलट बोलू नकोस.

शेजारचे काही शब्द मात्र वेगळे ठेवावेत. 'इम्प्युडंट' हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ लाज नसलेला असा आहे. चीकी माणसाला लाज असते, मर्यादा कोठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच तो तिच्यावरून नेमके एकच पाऊल पलीकडे टाकतो. 'सॉसी' हा शब्द 'सॉस'पासून आला आणि सॉसचे मूळ लॅटिनमधल्या मीठ घातलेल्या पदार्थात आहे. अमेरिकेत त्याचाच उच्चार बदलून 'सॅसी' झाला. 'टंग इन चीक' या शब्दप्रयोगात गाल असला तरी त्याचा अर्थ निराळा आहे: बोलणारा जे म्हणतो ते त्याने पूर्ण गांभीर्याने म्हटलेले नाही, एवढेच त्यातून कळते. तिथे मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

मराठीतला कोणता शब्द जवळचा

'चीकी'साठी मराठीत एकच प्रतिशब्द ठरवून टाकण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे या प्रांतातले शब्द इतके आहेत आणि त्यांच्या छटा इतक्या बारीक आहेत की, प्रसंग पाहून त्यांतून निवड करणे हेच उत्तम. मर्यादेच्या बाजूने पाहिले तर सर्वांत जवळचा शब्द 'आगाऊ' हा आहे. आगाऊ रक्कम जशी वेळेच्या आधी दिलेली असते, तसा आगाऊ मुलगा आपल्या वयाच्या आणि जागेच्या पुढे जाऊन बोलतो. मात्र 'आगाऊ'मध्ये त्रासिकपणा अधिक आणि हुशारीची दाद कमी असते. आई जेव्हा गालात हसत "फार आगाऊ झाला आहेस हं तू" असे म्हणते, तेव्हा तो 'हं' आणि ते हसू मिळून शब्दाला 'चीकी'पर्यंत नेतात. लिहिताना हे हसू दिसत नाही, म्हणून अनुवादात नुसते 'आगाऊ' लिहिले तर वाचकाला निवाडा कडक वाटतो.

'खोडकर' आणि 'खट्याळ' हे शब्द बहुधा कृतीकडे पाहतात. पाहुण्यांच्या चपला लपवणारी मुलगी खोडकर असते. तीच मुलगी नंतर पाहुण्यांबरोबर चपला शोधू लागली आणि "काका, तुम्ही नक्की चपला घालूनच आला होतात ना?" असे विचारू लागली, की ती चीकी होते. 'वात्रट' या शब्दात धांगडधिंगा आणि टवाळी अधिक आहे, पण त्यातली दाद खरी आहे. राजकारण्यांना चिमटे काढणाऱ्या चार-सहा ओळींच्या कवितेला आपण 'वात्रटिका' म्हणतो आणि ती आवडीने वाचतो, ते उगीच नाही. 'मिस्कील' या शब्दात हुशारी आणि प्रसन्नता पूर्ण आहे, परंतु मर्यादाभंग नाही. म्हणून 'चीकी ग्रिन' या शब्दांसाठी 'मिस्कील हसू' चपखल बसते, कारण नुसत्या हसण्याने फारशी मर्यादा मोडत नाही.

'चावट' या शब्दाविषयी विशेष सावध राहावे. शाळेतले सर "वर्गात चावटपणा चालणार नाही" असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आचरटपणा एवढाच असतो. पण मोठ्या माणसांच्या संभाषणात 'चावट' म्हटले की शृंगाराची छटा येते. 'चीकी'लाही ही दुसरी बाजू आहे. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या थट्टेत, प्रेमाच्या संदेशांत किंवा थोड्या धीट छायाचित्राविषयी बोलताना इंग्रज माणूस 'चीकी' म्हणतो, तेव्हा मराठीत 'चावट' हाच शब्द योग्य. मात्र लहान मुलाविषयीच्या वाक्यात तो डोळे झाकून घातला तर वाचकाला विनाकारण अवघडल्यासारखे होते. 'उद्धट' आणि 'उर्मट' हे शब्द माफीची शक्यताच संपवतात, तेव्हा ते शेवटी हाताशी धरावेत. मुंबईच्या बोलीतले 'ओव्हरस्मार्ट' आणि 'जास्त शाणा' हे शब्दही 'चीकी'चे पर्याय नाहीत. त्यांत समोरच्याची हुशारीच खुपत असते, आणि 'चीकी'मध्ये त्या हुशारीनेच त्याला वाचवलेले असते.

वृत्तीपेक्षा कृतीला नाव द्यायचे असेल, तर 'कोपरखळी' आणि 'फिरकी' हे दोन अस्सल शब्द आपल्याकडे आहेत. 'अ चीकी रिमार्क' या शब्दांचा अनुवाद 'उद्धट शेरा' असा करण्याऐवजी 'त्याने हळूच कोपरखळी मारली' असा केला, तर मूळ वाक्याचा सूर पुष्कळसा टिकतो.

या वृत्तीची आपल्या रंगभूमीवरची सर्वांत मोठी जागा म्हणजे तमाशा. गवळणीतली मावशी आणि पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाला अडवून बोलतात, वगातला सोंगाड्या राजाच्या आणि प्रधानाच्या तोंडावर त्यांची लबाडी काढतो, आणि ज्या गिरणगावातल्या कामगारांना दिवसभर जॉबरचे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाचे, ऐकून घ्यावे लागत असे, तेच रात्री या बोलण्याला मनमुराद दाद देत असत. सोंगाड्याला हे स्वातंत्र्य प्रेक्षकांनी दिलेले असते आणि तोही त्या स्वातंत्र्याची वेस ओळखून असतो. ब्रिटनमध्ये मॅक्स मिलर नावाचा विनोदी नट म्युझिक हॉलच्या रंगमंचावर असाच प्रेक्षकांशी थेट बोलत असे आणि विनोद अगदी काठावर नेऊन उरलेला भाग त्यांच्या मनावर सोडत असे. त्याची ओळखच 'द चीकी चॅपी' अशी होती. ज्याला 'चीकी'चा भाव मराठीतून आत्मसात करायचा आहे, त्याने शब्दकोशापेक्षा सोंगाड्याची आठवण ठेवावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उच्चार आणि वाक्यरचना

उच्चारात 'ची' दीर्घ ठेवावी आणि 'क' एकच ठेवावा. लोणावळ्याच्या चिक्कीसारखा जोड उच्चार केला तर इंग्रज श्रोत्याला शब्द लागत नाही. नामाच्या बाबतीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक अधिक गंभीर आहे, कारण ऱ्हस्व 'चिक' हा तरुण मुलीसाठी वापरला जाणारा हलका शब्द आहे आणि तो कार्यालयात चुकूनही तोंडातून जाऊ नये. विशेषणाची रूपे सरळ आहेत: अधिक दाखवण्यासाठी 'चीकियर', सर्वाधिकासाठी 'चीकियस्ट', क्रियाविशेषण 'चीकिली' आणि भाववाचक नाम 'चीकिनेस'. ब्रिटनमध्ये 'टू चीक समवन' असे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ एखाद्याला उलट बोलणे असा होतो.

मात्र रूपांपेक्षा एक भेद लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. विशेषण मऊ आहे आणि नाम कडक आहे. 'ही इज चीकी' या वाक्यात कौतुक असू शकते. पण 'ही हॅड द चीक टू आस्क फॉर मोअर मनी' या वाक्यात बोलणारा खरोखर चिडलेला असतो, आणि त्याचा मराठी अर्थ 'वर आणखी पैसे मागायला त्याची जीभ कशी रेटली' असा होतो. 'व्हॉट अ चीक' हा उद्गार म्हणजे 'काय हा निर्लज्जपणा'. त्यामुळे 'यू हॅव अ लॉट ऑफ चीक' हे वाक्य कौतुक म्हणून कोणाला ऐकवू नये. ऐकणारा ते दूषण म्हणूनच घेण्याची शक्यता अधिक.

निषेधार्थी वाक्यात विशेषणही मऊ राहत नाही. 'डोन्ट बी चीकी' असे शिक्षक किंवा आईवडील म्हणतात तेव्हा ती समज असते. मुलाच्या कॅलेंडरमध्ये 'ही इज चीकी विथ टीचर्स' असा शेरा आला, तर बाईंनी मुलाच्या हजरजबाबीपणाचे कौतुक केले आहे असा समज करून घेऊ नये. ती तक्रार आहे, जरी 'रूड' हा शब्द टाळून ती सौम्यपणे केलेली असली तरी. पालकांनी बाईंना भेटावे आणि मुलगा नेमके काय बोलला ते विचारावे. उत्तर ऐकताना स्वतःला हसू आले, तर मूल खरोखर चीकी आहे. न आले, तर शब्द बाईंनी मोठ्या मनाने निवडला आहे.

वस्तूंना आणि कृतींना लावलेला 'चीकी'

माणसाखेरीज इतर गोष्टींनाही हा शब्द लागतो, आणि तिथे तो सर्वांत रंगतदार होतो. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातापासून चार पावलांवर अलगद सोडतो आणि क्षेत्ररक्षक वाकेपर्यंत पलीकडे पोहोचतो, तेव्हा समालोचक 'चीकी सिंगल' म्हणतो. मराठी समालोचनात याला फार पूर्वीपासून 'चोरटी धाव' असे सुंदर नाव आहे. चोरी झाली आहे, पण ज्याच्या घरी झाली तोही मनातून दाद देतो, हा 'चीकी'चा संपूर्ण अर्थ त्या दोन मराठी शब्दांत उतरला आहे. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेल्या सामन्यांमध्ये खेळून मोठे झालेल्या मुलांना ही धाव शिकवावी लागत नाही. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलणारा फटका, ऐन वेळी बॅट उलट्या बाजूला फिरवून मारलेला रिव्हर्स स्वीप, हेही समालोचकांच्या भाषेत चीकी असतात, कारण त्यांत गोलंदाजाच्या प्रतिष्ठेला हळूच टपली मारलेली असते. तोच उत्तम गोलंदाजाला ताकदीने मारलेला सरळ षटकार कितीही भव्य असला तरी चीकी म्हणवत नाही.

फुटबॉलमधले याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण १९७६ सालचे आहे. युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनिन पानेन्काने पश्चिम जर्मनीविरुद्धची निर्णायक पेनल्टी जोरात न मारता चेंडू गोलरक्षकाच्या वरून मधोमध अलगद उचलला. गोलरक्षक आधीच एका बाजूला झेपावला होता. अशा फटक्याला आजही पानेन्काचे नाव आहे, आणि तो दिसला की इंग्रज समालोचकाच्या तोंडी 'चीकी' येतेच.

खरेदीविक्रीत 'चीकी ऑफर' असा प्रयोग ब्रिटनमध्ये घरांच्या व्यवहारात सर्रास होतो. डोंबिवलीतल्या घरमालकाने ऐंशी लाख सांगितले आणि गिऱ्हाइकाने हसतमुखाने साठ लाखांची बोली लावली, तर ती चीकी ऑफर होय. बोली लावणाऱ्याला ती जास्तच कमी आहे हे माहीत असते आणि विचारून पाहण्यात काही बिघडत नाही असे त्याला वाटते. दादरच्या बाजारात रोज असे व्यवहार होतात, परंतु तिथे घासाघीस हीच रीत असल्यामुळे मर्यादा मोडत नाही आणि शब्दही लागू पडत नाही.

ब्रिटिश बोलण्यात अलीकडे आणखी एक वापर रूढ आहे. कामावरून घरी जाताना मध्येच थांबून प्यायलेली 'चीकी पाइंट', म्हणजे ठरलेली नसताना घेतलेली बिअर, किंवा पथ्य चालू असताना खाल्लेला केकचा तुकडा, यांना हे विशेषण लावतात. इथे मर्यादा आपणच आपल्याला घातलेली असते आणि ती आपणच थोडी मोडतो. डॉक्टरांनी तळलेले बंद केलेल्या माणसाने स्टेशनाबाहेर खाल्लेला एकच वडापाव या अर्थाने चीकी म्हणता येईल. हा वापर मित्रांच्या संदेशांपुरता ठेवावा. सारखा केला तर तो फार लवकर शिळा होतो.

कार्यालयात वापरताना

हा शब्द वरून खाली आणि बरोबरीत सहज जातो; खालून वर तो जपून न्यावा लागतो. वरिष्ठाने कनिष्ठाला, आजीने नातवाला, मित्राने मित्राला चीकी म्हणावे. कनिष्ठाने वरिष्ठाला तसे म्हटले तर माफ करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला असा अर्थ होतो, आणि तीच एक नवी आगळीक ठरते. स्वतःविषयी मात्र तो नम्रपणे वापरता येतो, आणि शिकणाऱ्याला याचा सर्वाधिक उपयोग होईल. 'कॅन आय बी चीकी अँड आस्क फॉर वन मोअर डे' या वाक्याने बोलणारा आपली मागणी जरा जास्त आहे हे आधीच कबूल करतो आणि समोरच्याला नकार देणेही सोपे करतो. ओळखीच्या ब्रिटिश सहकाऱ्याशी बोलताना हे वाक्य फार चांगले चालते. कराराचे पत्र, तक्रारीचे उत्तर, नोकरीचा अर्ज, बँकेशी किंवा सरकारी कचेरीशी केलेला पत्रव्यवहार यांत ते कधीच घालू नये.

मराठी माणसाची एक खरी अडचण येथे सांगितली पाहिजे. आपल्याकडे आदर क्रियापदात आणि सर्वनामात बसलेला असतो. सून सासऱ्यांना "बाबा, तुम्ही मधुमेहाचं पथ्य पाळता ते फक्त मी घरात असतानाच ना?" असे म्हणते, तेव्हा 'बाबा', 'तुम्ही' आणि 'पाळता' हे तिन्ही शब्द आदराचे कुंपण उभे ठेवतात आणि त्या कुंपणाच्या आत थट्टा सुरक्षित राहते. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू' आहे. तेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले की कुंपण नाहीसे होते आणि उरते ती उघडी थट्टा. म्हणून मराठीत जे चीकी वाटले असते ते आपल्या इंग्रजीत पुष्कळदा उद्धट ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला आपले काय चुकले हे कळत नाही. हे कुंपण इंग्रजीत दुसऱ्या मार्गांनी घालावे लागते: स्वर मोकळा ठेवावा, वाक्याच्या आधी समोरच्याच्या एखाद्या गुणाचा उल्लेख करावा, वाक्य प्रश्नार्थक ठेवावे आणि थट्टा एका वाक्यापुरतीच ठेवावी. दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही, तेव्हा पहिल्या दोन-तीन भेटींत ती टाळलेलीच बरी.

थट्टेचा विषय कोणता असावा याचाही विचार करावा. समोरच्याच्या बढाईवर, आवडीनिवडीवर, उशिरा येण्यावर कोपरखळी मारता येते; रंग, जात, धर्म, शरीर, आजारपण, पगार यांवर मारता येत नाही. तिथे हुशारी कितीही असली तरी तिच्याने माफी मिळत नाही, आणि 'आय वॉज जस्ट बीइंग चीकी' हे स्पष्टीकरण तर दुखावलेल्या माणसाला अधिकच दुखावते.

देशोदेशीचा फरक

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. अमेरिकेत तो समजतो, पण ऐकणाऱ्याला ब्रिटिश वाटतो. तिथे मुलांना दटावताना 'डोन्ट गेट फ्रेश विथ मी' किंवा 'डोन्ट गेट स्मार्ट विथ मी' असे म्हणतात, आणि कौतुकाच्या सुरात 'सॅसी' म्हणतात. हा 'सॅसी' मात्र प्रामुख्याने स्त्रियांना चिकटवला जातो, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांविषयीच्या एका जुन्या ठोकळेबाज कल्पनेशी तो जोडलेला आहे. म्हणून अमेरिकी सहकारी स्त्रीला कौतुकानेही तसे म्हणू नये. 'हुत्स्पा' हा यिडिशमधून आलेला शब्द 'चीकी'पेक्षा पुष्कळ मोठ्या धाडसासाठी आहे, आणि त्यात खेळकरपणा असेलच असे नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांच्या इंग्रजीत तर 'चीकी' म्हणजे धोकादायक. तिथे 'चीकी डॉग' म्हणजे अंगावर धावून येणारा कुत्रा, आणि 'चीकी यॅम' म्हणजे योग्य प्रक्रिया केल्याखेरीज खाता न येणारा विषारी कंद. त्या भागात प्रवास करणाऱ्याने कोणी एखाद्या प्राण्याला चीकी म्हटले तर त्याला कुरवाळायला जाऊ नये.

कोणी आपल्याला चीकी म्हटले तर

म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो हसत असेल तर आपणही हसावे आणि विषय तिथेच सोडावा. लांबलचक क्षमायाचना केली तर त्याने दिलेली सूट आपण परत केल्यासारखे होते आणि दोघांनाही अवघडल्यासारखे वाटते. लगेच दुसरी कोपरखळी मारण्याचा मोह होतो, पण तोही आवरावा, कारण दुसऱ्या वेळी हुशारी कमी आणि आगाऊपणा अधिक दिसतो. तो हसत नसेल, किंवा विशेषणाऐवजी त्याने 'चीक' हे नाम वापरले असेल, तर एका साध्या वाक्यात 'सॉरी, दॅट वॉज आउट ऑफ टर्न' असे म्हणून कामाच्या विषयाकडे वळावे. संदेशात तो शब्द आला असेल तर त्याच्यापुढे डोळा मिचकावणारे चिन्ह आहे का ते पाहावे. चिन्ह नसेल आणि माणूस फारसा ओळखीचा नसेल, तर लेखी उत्तर देण्यापेक्षा फोन करून बोलावे.